‘साव्ता, हे तू मला आधी का नाही सांगितलंस?’



आपल्यापैकी ज्यांची नातवंडं सहावी-सातवीत आहेत, त्यांना ‘अवोदात शोराशीम’ म्हणजे काय हे सांगायला नको. बार-मित्झ्वा, बात-मित्झ्वाचं वय आलं की शाळा मुलांना घराण्याची मुळं शोधायला लावते. मग वर्षभर आपल्याकडे ढुंकून न पाहणारी पोरं वही आणि मोबाईल घेऊन समोर येऊन बसतात. तुम्ही कुठून आलात, कधी आलात, काय खायचात, कोणती भाषा बोलायचात. आपण दोन तास बोलतो, त्यांना पाच मिनिटांचं पाहिजे असतं.

माझी नातही आली. बारा वर्षांची आहे. मी तिला सगळं सांगितलं. नवगावच्या किनाऱ्याजवळ फुटलेलं जहाज, तेलाचे घाणे, शनिवारी काम बंद म्हणून पडलेलं ‘शनिवार तेली’ हे नाव, गावावरून आलेली आपली ‘कर’वाली आडनावं, एलियाहू हनाबीचा मलिदा. माझगावची आमची शाळाही सांगितली. तिने छान लिहून घेतलं. मला वाटलं, काम झालं.

आठवड्याने ती परत आली ती तोंड पाडून. म्हणाली, “साव्ता, रब्बानूतने आपल्याला पुरतं ज्यू मानलं नव्हतं, हे खरं का?” वर्गात शेजारी बसणाऱ्या मुलाने ‘बेने इस्रायल’ असं कॉम्प्युटरवर टाकलं होतं. त्यात १९६२ ची हकीगत निघाली आणि त्याने ती मोठ्याने वाचून दाखवली. त्याच्या मनात वाईट काही नसेल. पण नातीने ती गोष्ट पहिल्यांदा ऐकली ती चोवीस मुलांसमोर, आणि तिला एका शब्दाचं उत्तर देता आलं नाही. “हे तू मला आधी का नाही सांगितलंस?” हा तिचा दुसरा प्रश्न. त्याचं उत्तर मला देता आलं नाही.

हे घरगुती प्रकरण इथे लिहिण्याचं कारण एक बातमी आहे. गेल्या नोव्हेंबरात, म्हणजे २०२५ मध्ये, आपल्या सरकारने ठराव केला, की मणिपूर आणि मिझोराममध्ये उरलेल्या बनेई मेनाशे समाजाच्या सुमारे ५,८०० लोकांना २०३० पर्यंत इस्रायलला आणायचं. त्यातले १,२०० जण २०२६ अखेरपर्यंत यायचे आहेत आणि त्यांची पहिली सोय उत्तरेकडे, नोफ हागालील भागात व्हायची आहे. म्हणजे थोड्याच दिवसांत शेकडो मुलं इथल्या वर्गांत जाऊन बसणार. त्यांना हिब्रू येणार नाही, चेहरा वेगळा असणार, आणि कोणी विचारलं की ती सांगणार, ‘होदू’हून आलो. साठ-पासष्ट वर्षांपूर्वी आपण जिथे बसलो होतो त्याच बाकावर ती बसणार आहेत. त्या बाकावर बसलं की मुलाच्या मनाचं काय होतं, हे आपल्याइतकं कोणाला माहीत असणार?

मी इथे आले १९६३ साली, दहा वर्षांची होते. मुंबईत मी माझगावच्या सर एली कदुरी शाळेत जात होते. ही शाळा म्हणजे १८७५ साली हाईम सॅम्युएल केहिमकर यांच्या पुढाकाराने सुरू झालेली आपली इस्रायली शाळा. तिथे मराठीतून गणित, मराठीतून इतिहास, आणि वर हिब्रूचा तास. आम्ही श्रीमंत नव्हतो. वडील गोदीत कारकून, खोली एकच. पण ‘आपण कोणापेक्षा कमी’ असा विचार मनात आल्याचं मला आठवत नाही. शेजारी कोकणी मुसलमान, वरच्या मजल्यावर मराठे, खाली गोव्याचे ख्रिश्चन. सगळ्यांना माहीत, ही इस्रायली माणसं, शनिवारी चूल पेटवत नाहीत. आमच्या वेगळेपणाचा कोणाला त्रास नव्हता, म्हणून आम्हालाही नव्हता.

इथे आले आणि नेगेवमधल्या एका गावातल्या शाळेत नाव घातलं. शाळेचं नाव लिहीत नाही, आता तिथे सगळं बदललं आहे. पहिल्याच दिवशी बाईंनी माझ्या धाकट्या बहिणीचं नाव ‘फार लांब’ म्हणून बदललं आणि नवं नाव फळ्यावर लिहिलं. घरी येऊन तिने आईला विचारलं, “आता माझं नाव काय?” मला एक इयत्ता मागे बसवलं. मी आकडेमोडीत वर्गाच्या पुढे होते, पण हिब्रू येत नाही म्हणजे काहीच येत नाही असा हिशेब होता. ज्यू लोकांच्या देशात, ज्यू मुलांच्या वर्गात, मला आयुष्यात पहिल्यांदा कळलं की मी ‘होदिया’ आहे. मुंबईत मी इस्रायली होते. इस्रायलमध्ये आल्यावर हिंदी झाले!

हे कोडं मला कितीतरी वर्षं सुटलं नव्हतं. लाखो लोकांत मूठभर असताना मान ताठ होती, आणि आपल्याच लोकांत आल्यावर ती खाली का गेली? पुढे मी एका शाळेच्या ऑफिसात तीस वर्षं काम केलं. तिथल्या योएत्झेतने, म्हणजे सल्लागार बाईंनी, मला अमेरिकेतल्या मॉरिस रोझेनबर्ग या समाजशास्त्रज्ञाबद्दल सांगितलं. मुलांचा आत्मसन्मान मोजण्यासाठी त्याने दहा वाक्यांची एक पट्टी तयार केली होती. १९६५ साली त्याचं पुस्तक आलं, त्यात न्यूयॉर्क राज्यातल्या दहा शाळांतल्या पाच हजारांवर मुलामुलींची पाहणी होती. ती पट्टी आजही जगभर वापरतात.

सगळ्यांची समजूत अशी, की ज्या समाजाला प्रतिष्ठा कमी, त्याच्या मुलांना स्वतःची किंमत कमी वाटणार. रोझेनबर्गला तसं सरळ काही सापडलं नाही. त्या काळच्या अमेरिकेत ज्यू लोकांना फार मान होता असं नाही, तरी ज्यू मुलांचा आत्मसन्मान सरासरीने इतरांपेक्षा जास्तच निघाला. मात्र दुसरी एक गोष्ट दिसली. मूल कोणत्याही धर्माचं असो, त्याचं बालपण परक्या धर्माच्या वस्तीत गेलं असेल, जिथे आपल्यासारखी मुलं कमी, तर त्याला स्वतःबद्दल शंका थोडी जास्त वाटे. त्यातही धर्मावरून चिडवलं गेलेलं, खेळातून बाहेर ठेवलं गेलेलं मूल जास्त दुखावलेलं. पुढे बाल्टिमोर शहरात काळ्या मुलांची पाहणी झाली, तीही याच वाटेने गेली. काळी मुलं गोऱ्यांपेक्षा स्वतःला कमी लेखत नव्हती. पण काळ्या मुलांमध्येच पाहिलं तर गोऱ्या बहुसंख्य शाळेत जाणाऱ्यांचा आत्मसन्मान काळ्यांच्या शाळेत जाणाऱ्यांपेक्षा खाली होता. मूल सगळ्या जगाशी स्वतःला ताडून पाहत नाही. ते शेजारच्या बाकाकडे पाहतं, बाईंच्या चेहऱ्याकडे पाहतं, आणि संध्याकाळी आई काय म्हणते ते ऐकतं.

आता मुंबईचं कोडं सुटतं. तिथे आम्ही थोडे होतो, पण आमच्या वर्गात आम्हीच होतो, बाई आपल्यातल्या, आणि बाहेरच्यांचं आमच्याबद्दल वाईट मत नव्हतं. इथे धर्म एकच, पण आमच्याबद्दल एक मत आधीच तयार होतं आणि ते आमच्या आधी वर्गात येऊन बसलं होतं.

ते मत नुसतं लोकांच्या तोंडी नव्हतं, कागदावरही होतं. पन्नास-साठच्या दशकांत आठवीच्या मुलांसाठी ‘सेकेर’ नावाची देशव्यापी परीक्षा होती, पुढच्या शिक्षणाची सवलत तिच्यावर ठरे. आशिया-आफ्रिकेतून आलेल्या घरांतल्या मुलांसाठी तिच्यात पास होण्याची रेघ खाली ठेवली होती, तिला ‘नोर्मा बेत’ म्हणत. हेतू चांगला होता, हे मी मान्य करते. त्या सवलतीमुळे कितीतरी मुलं हायस्कूलला गेली. पण चौदा वर्षांच्या मुलाला तिचा अर्थ एवढाच कळतो, की तू पास झालास ते ‘दुसऱ्या’ रेघेने. मग ‘तेउनेई तिपुआह’ हा शब्द आला, म्हणजे जोपासना हवी असलेली मुलं. ऐकायला किती गोड! ही मुलं कशी ओळखायची? वडील कोणत्या खंडात जन्मले, किती शिकले, घरात भावंडं किती. मूल काय करू शकतं, हा प्रश्न त्यात नव्हताच.

१९६८ साली सुधारणा आली. हातिवा म्हणजे मधली शाळा सुरू झाली, सगळ्या एदोतची मुलं एका छपराखाली आणायची असा बेत. छप्पर एक झालं, पण आत हक्बात्सा होत्या. गणिताची हक्बात्सा अलेफ, बेत, गिमेल. सप्टेंबरात याद्या लागायच्या, त्या टाईप करायचं काम माझ्याकडे होतं. अलेफच्या यादीतली आडनावं आणि गिमेलच्या यादीतली आडनावं शेजारी ठेवली, की कोणत्या वस्तीतलं मूल कुठे गेलं ते वाचता येई. आपली ‘कर’ आडनावं अलेफमध्ये दिसली की मी दोनदा वाचत असे. गिमेलमध्ये एकदा गेलेलं मूल सहसा वर येत नसे. बुद्धी नव्हती म्हणून नव्हे, जानेवारीपर्यंत ते स्वतःच सांगायला लागे, “मी गिमेल आहे.” मी गिमेलमध्ये आहे असं नाही म्हणायचं ते. मी गिमेल *आहे*.

याला कोणी म्हणेल, हे म्हातारीचं रडगाणं. म्हणून आपल्या जुन्या देशातला एक प्रयोग सांगते. कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे या दोन अर्थशास्त्रज्ञांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यात सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची चक्रव्यूहाची कोडी सोडवायला दिली, कोड्यामागे पैसे ठेवले. एका गटात तीन उच्च जातींची मुलं, तीन दलित. जात कोणीच उच्चारली नाही, तेव्हा दोघांनी सारखीच कोडी सोडवली, फरक नाही. मग दुसऱ्या गटांत सुरुवातीला प्रत्येक मुलाचं नाव, गाव आणि जात सगळ्यांसमोर वाचली. बस्, एवढंच. दलित मुलांची सोडवलेली कोडी लक्षात येण्याजोगी कमी झाली. तीच बुद्धी, तोच कागद, तेच पैसे. अक्कल अर्ध्या तासात कमी होत नाही. आपली जात मोठ्याने वाचली गेल्यावर मुलाने मनातल्या मनात ठरवलं, की आता मी काहीही केलं तरी हे लोक माझ्याबद्दल काय समजणार ते ठरलेलंच आहे. मग कशाला धडपडायचं?

माझ्या नातीच्या वर्गात जे झालं ते याहून फार वेगळं नाही. फक्त यादी वाचणारी बाई नव्हती, शेजारचा मुलगा होता.

इस्रायल बदललं नाही असं मी म्हणणार नाही. आज ‘होदी’ म्हटलं की मुलांना हाय-टेक, बॉलिवूड आणि गोव्याच्या किनाऱ्यावर हिंडून आलेला मोठा भाऊ आठवतो. एरेझ बिटोन यांच्या समितीने २०१६ साली शाळांच्या पुस्तकांत पूर्वेकडच्या ज्यू समाजांचा वारसा यावा म्हणून जाडजूड अहवाल दिला. त्यातलं थोडं आलं, बरंच यायचं आहे. पण २००९ साली पेताह तिकव्यात काही धार्मिक शाळांनी इथिओपियाच्या सुमारे शंभर मुलांना प्रवेश नाकारला, तेव्हा शाळा सुरू व्हायच्या दिवशी ती मुलं दप्तर घेऊन घरी बसली होती. त्याच वर्षी इम्मानुएल गावात सेफार्दी मुलींना वेगळं ठेवणाऱ्या शाळेविरुद्ध बागात्सला, म्हणजे सर्वोच्च न्यायालयाला निकाल द्यावा लागला, आणि पुढच्या वर्षी तो निकाल न पाळणाऱ्या आईबापांना तुरुंगात धाडण्यापर्यंत पाळी आली. म्हणजे हा आजार जुना असला तरी बरा झालेला नाही. तो फक्त बाक बदलतो.

आता त्या बाकावर बनेई मेनाशेची मुलं येणार. त्यातली बरीच मुलं मे २०२३ पासून मणिपूरमध्ये जी दंगल पेटली तिच्यातून आलेली असतील, घरं जळालेली, शाळा बुडालेली. इथे आधीपासून त्यांचे सुमारे पाच हजार लोक राहतात, त्यांना विचारा. रस्त्यात ‘सिनी’, म्हणजे चिनी, अशी हाक त्यांच्या अंगवळणी पडली आहे. २०२० च्या मार्चमध्ये तिबेरियासला त्यांच्यातल्या एका तरुणाला ‘कोरोना’ म्हणून मारहाण झाली, तो इस्पितळात गेला. आणि त्यांना गियूर करावंच लागतं. २००५ साली सेफार्दी प्रमुख रब्बी श्लोमो आमार यांनी त्यांना इस्रायलचे वंशज म्हणून मान्य केलं, तरी धर्मांतराचा विधी केल्यावाचून कागद पुरा होत नाही. शाळेत मुलाला कोणी विचारलं, “तू ज्यू आहेस का?” तर त्याने काय सांगायचं? “आईबाबांची परीक्षा पुढच्या महिन्यात आहे” असं?

इथे मला आपल्या मंडळींशी थोडं स्पष्ट बोलायचं आहे, राग मानू नका. बातमी आली त्या आठवड्यात आमच्या मोअदोनमध्ये चहा पिताना मी काय काय ऐकलं! “ते कसले ज्यू, सगळे सोयीचे.” “ते कुठे आपल्यासारखे इंडियन.” “आता लोक आपल्यालाही त्यांच्यात मोजतील.” बोलणारे सगळे माझ्या वयाचे, १९६२ पाहिलेले. वंशाचा पुरावा दाखवा असं आपल्याला म्हणाले तेव्हा काय वाटलं होतं ते विसरलो का? सरकारने किती आणावेत, पैसा कुठून यावा, कुठे वसवावेत, यावर वाद घाला, तो हक्क सगळ्यांना आहे. पण आठ वर्षांच्या मुलाच्या कानावर आपल्यासारख्यांच्या तोंडून ‘हा खरा नाही’ असं पडलं, तर तो ते शाळेत ऐकलेल्यापेक्षा जास्त खरं मानेल. कारण निदान आपण तरी ओळखू, असं त्याला वाटलेलं असतं.

आता माझ्या नातीचा दुसरा प्रश्न. मी आधी का नाही सांगितलं?

खरं सांगायचं तर माझ्या वडिलांनीही मला सांगितलं नव्हतं. १९६२ ची ती सूचना, बेने इस्रायलच्या लग्नाच्या वेळी आईकडच्या पिढ्या तपासा म्हणणारी, घरात तिच्याबद्दल दार लावून बोलत. १९६४ च्या उन्हाळ्यात आपले लोक देशभरातून जेरुसलेमला गेले, मोर्चे काढले, धरणं धरलं. माझे वडील चार दिवस घरी नव्हते. आईने आम्हाला सांगितलं, कामाला गेले आहेत. परत आले तेव्हा आवाज बसला होता आणि मानेवर उन्हाने साल निघालं होतं. ऑगस्टमध्ये क्नेसेतची खास बैठक झाली, पंतप्रधान लेवी एश्कोल यांनी बेने इस्रायल सर्व अर्थांनी ज्यू आहेत असं जाहीर केलं आणि पुढे रब्बानूतला त्या सूचनेतून आपलं नाव काढावं लागलं. मूठभर, गरीब, हिब्रू धड न येणाऱ्या लोकांनी हे केलं! त्याआधी १९५१-५२ मध्ये आपलीच काही कुटुंबं भेदभावाची तक्रार घेऊन तेल अवीवला धरणं धरून बसली होती आणि शेवटी भारतात परतली होती. या वेळी लोक बसले, आणि परत गेले नाहीत.

पण आमच्या घरात यातली फक्त लाज उरली, लढाई उरली नाही. वडिलांना वाटलं, मुलांना कशाला सांगायचं, मन खट्टू होईल. मलाही तसंच वाटलं. मुलांना सांगितलं नाही, नातीला सांगितलं नाही. जहाज फुटल्याची दोन हजार वर्षांपूर्वीची गोष्ट सांगितली आणि साठ वर्षांपूर्वीची गाळली.

अमेरिकेत अॅटलांटाच्या एमोरी विद्यापीठात मार्शल ड्यूक आणि रॉबिन फिवुश या दोन मानसशास्त्रज्ञांनी मुलांना वीस साधे प्रश्न विचारले होते. आजी-आजोबा कुठे वाढले ते माहीत आहे का? आईबाबा कसे भेटले? घरावर एखादं मोठं संकट आलं होतं का? ज्या मुलांना घरची उत्तरं जास्त माहीत, त्यांचा आत्मसन्मान जास्त आणि आयुष्य आपल्या हातात आहे ही भावनाही जास्त, असं त्यांना आढळलं. आता उत्तरं पाठ करून घेतली की मूल धीट होतं, असा याचा अर्थ नाही. ज्या घरात बोलणं चालतं तिथे दोन्ही गोष्टी वाढत असणार. पण ड्यूक यांचं एक निरीक्षण मला फार पटलं. ‘आपण नेहमी मोठेच होतो’ अशी गोष्ट ऐकलेल्या मुलांना तिचा फारसा उपयोग होत नाही, आणि ‘आपलं सगळं गेलं’ हीही गोष्ट उपयोगी नाही. ‘वर गेलो, खाली आलो, पुन्हा उभे राहिलो, आणि सगळे एकत्र होतो’ ही गोष्ट मुलाला सर्वांत जास्त बळ देते.

रोझेनबर्गकडेही एक गोष्ट होती, आपल्या वयाच्या लोकांना आवडेल अशी. त्याने मुलांना विचारलं, तुझे मित्र आईवडिलांना माहीत होते का, जेवताना तुझ्याशी बोलत का, तेउदा घरी आणल्यावर काय म्हणत. तेउदा पाहून रागावणाऱ्या आईची मुलं बरी निघाली. सर्वांत वाईट अवस्था होती ती जिची आई काहीच म्हणत नसे त्या मुलांची. म्हणजे आपल्या आयांनी जो आरडाओरडा केला तो अगदी फुकट गेला नाही म्हणायचा. आता आजीचं काम तेच. नातवंडांच्या मित्रांची नावं लक्षात ठेवायची, नाव चुकलं तर ती हसतात, हसू दे. शाब्बाथच्या जेवणाला फोन बाजूला ठेवायला लावायचा. आणि हिब्रूत अडखळलो तरी बोलायचं, मधे मराठी शब्द आला तर येऊ द्यायचा, अर्थ ती विचारून घेतात.

बनेई मेनाशेच्या मुलांची आजी-आजोबा मंडळी मात्र बहुतेक कुकी किंवा मिझो बोलतात, आणि मुलं वर्षभरात हिब्रू बोलायला लागतील. मधे कोणी नाही. आपल्याकडे निदान मराठी पत्रकं होती, ‘मायबोली’सारखं नियतकालिक निघालं. त्यांच्या मुलांना शोराशीमची वही भरायची वेळ येईल तेव्हा कोण सांगणार? आपल्यातल्या निवृत्त शिक्षिका, नर्सबाई, लष्करातून निवृत्त झालेले लोक उत्तरेत पुष्कळ आहेत. एका शाळेत आठवड्याचा एक तास बसून मुलाला अक्षरं लावायला मदत केली, आणि ‘मीही होदूहून आले, माझंही नाव बाईंनी बदललं होतं’ एवढं सांगितलं, तर त्या मुलाला समोर एक उत्तर जिवंत बसलेलं दिसेल. त्यांची भाषा आपल्याला येत नाही, आपली त्यांना येत नाही. ‘होदू’ एवढाच शब्द सामाईक. तेवढा पुरे आहे, सुरुवातीला.

नातीला मी शेवटी सगळं सांगितलं. १९६२, १९६४, बाबांचा बसलेला आवाज. तिने विचारलं, मोर्चातला त्यांचा फोटो आहे का? नाही. मग काय आहे? मी कपाट उघडलं. लग्नाचा कतुबा आहे, मुंबईच्या शाळेचा दाखला आहे, बोटीच्या तिकिटाचा अर्धा तुकडा आहे. तिने दाखला घेतला, कारण त्यावर मराठी अक्षरं होती आणि एकही तिला वाचता येईना. ते अक्षर-अक्षर वाचून घेतलं माझ्याकडून आणि खाली हिब्रूत लिहिलं.

पुढच्या गुरुवारी वर्गात सादर करायचं आहे, आजी-आजोबांना बोलावलं आहे. ती म्हणाली, शेजारच्या मुलाने परत तो प्रश्न विचारला तर उत्तर मी देते, तू मधे बोलू नकोस. आणि येताना ते गुळाचे गोड पोहे आण, सगळ्यांना पुरतील इतके.